बावडीतलं बारा वाजताचं ऊन

दादा, आपल्या घरचे दोन्ही माग बंद पडले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्या दिवसांतलं माझं स्वतःचं म्हणून फार थोडं आठवतं; बाकी सगळं तू सांगितलेलं. गिरणीचं लुगडं इतवारीच्या बाजारात येऊन पडलं आणि बाबांच्या लुगड्याला गिऱ्हाईक नुसता हात लावून पुढे जायला लागलं. आधी एक माग थांबला, मग दुसरा. पहिल्याचं लाकूड त्या थंडीत चुलीत गेलं. दुसऱ्याचे बाजेचे पाय झाले. त्या बाजेवर माय अजून निजते. ज्या गिरणीनं आपले माग थांबवले त्याच गिरणीत बाबा कामाला लागले, आणि माय दिवसभर दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत बसायची. ताटात ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, तीही पोरांना आधी. तू चौथी पास झाला होतास. शाळेतून तुझं नाव काढलं, आणि वर्षभरानं माझं घातलं. ही गोष्ट आपल्या घरात कोणी कधी बोलून दाखवली नाही. तू तर नाहीच.

मागाचं लाकूड चुलीत जात होतं तेव्हा तू त्यातून एकच वस्तू ओढून घेतलीस. फणी. बारीक काड्यांची ती लांबट चौकट, जिच्या दातांतून ताण्याचा एकेक उभा धागा ओवतात. बाबा म्हणाले, "लेका, मागच नाही तर फणीचं काय करशीन?" तू म्हणालास, "राहू द्या, खात नाही ते काही." पुढे त्या फणीचं तू काय केलंस ते बाबांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. आणि मला वाटतं, सगळ्या मध्यप्रांतात तसं कोणी केलं नसेल.

आज तुला जाऊन तीन महिने झाले. तुझ्याशी बोलायचं म्हणून बसलो आहे, तर आधी दुःखाचं लिहावं असं वाटलं होतं. पण तुझ्याबद्दल विचार करायला लागलं की मला दुःखाच्या आधी प्रश्नच सुचतात. हे तूच लावून दिलेलं खूळ. तू मेल्यावर पहिल्या आठवड्यात, लोक भेटायला येऊन बसलेले असताना, मी दारातून आत आलेल्या उन्हाकडे पाहून मनात म्हणत होतो, हे धुतलेलं आहे की पिंजलेलं? मग स्वतःचीच लाज वाटली.

सीताबर्डीवरच्या त्या फोटोवाल्याकडे तू पडदे रंगवायला लागलास, तिथून हे सुरू झालं. संगमरवरी पायऱ्या, खांब, आणि मागे तळ्यात पांढरे हंस. त्या पडद्यापुढे उभं राहून नागपूरच्या निम्म्या नवरा-नवरींनी फोटो काढले. तू मला म्हणायचास, "वासू, मी आजवर एक हंस पाहिला नाही, अन् दोनशे रंगवले." मालक थकले तेव्हा त्यांनी जुना लाकडी कॅमेरा तुझ्या हवाली केला, तीन पायांची तिकाटणी आणि काळ्या कापडासकट. त्याच साली मी बी.एस्सी. झालो. आपल्या मोहल्ल्यातला पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो. का सांगू नये? बाबांच्या हातचं, मायनं जपून ठेवलेलं सुताचं कापड अंगात घालून मी कॉलेजात गेलो आणि पास होऊन आलो. त्या दिवशी तू माझा फोटो काढलास, पण हंसांपुढे नाही. मला घरातच, जिथे पूर्वी माग होता त्या खड्ड्यापाशी, उत्तरेच्या खिडकीजवळ उभं केलंस. "बाबा येथूनच धाग्याचा रंग पाहत," तू म्हणालास. "येथचा उजेड खोटं बोलत नाही."

मग रामटेक. मी विचारलं होतं, "काहून गा दादा, एवढं नागपूर पडलं आहे, रामटेकच काहून?"

तू म्हणालास, "नागपूर हलून राहते रे दिवसभर. रामटेक माह्यासाठी थांबते."

रामटेकच्या बारा जागा तू ठरवल्या होत्यास, आणि प्रत्येक जागेचा एकच फोटो, तिच्या सगळ्यात चांगल्या उजेडात. बारा म्हणजे बाराच. दर रविवारी पहिल्या गाडीनं जायचं, डब्यात भाकर आणि ठेचा. कित्येकदा तू कॅमेरा सोबत नेतच नव्हतास. नुसता बसायचास. मी कधी सोबत आलो की मला चीड यायची. दोन तास एका पायरीकडे काय पाहायचं?

तेव्हा तू ती फणी काढायचास. पांढऱ्या पटक्याचा तुकडा मांडीवर पसरायचास, त्याच्यावर वीतभर उंच फणी धरायचीस, आणि सावली पाहायचास. दात एकेक मोजता आले तर ऊन कडक. ओल्या सुतासारखे एकमेकांना चिकटले तर मऊ. आणि मधल्या कुठल्याशा जागी, जिथे दात दिसतात पण मोजता येत नाहीत, तिथे तू "हं" करायचास आणि वही उघडायचीस. वहीत जागा, महिना, वेळ, आणि उन्हाचं नाव. ही नावं तुझीच. पावसानंतरचं ते धुतलेलं ऊन. थंडीच्या सकाळी धुक्यातून येतं ते पिंजलेलं. वैशाखातलं खळ लावलेलं, म्हणजे ताठ. आणि भरदुपारचं? ते मेलेलं. दुपारी कॅमेरा उघडणं तुला मान्यच नव्हतं. "सावली पायाखाली गेली का वस्तू मेली," असं तू म्हणायचास, आणि डबा उघडून जेवायला बसायचास.

मला त्या वेळी हसू यायचं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात प्रकाशावर एवढी पानं आहेत, त्यांत फणी कुठे नाही. पण आता तुझे अकरा फोटो समोर मांडून बसलो आहे आणि पाहतो आहे. गडाच्या पायऱ्या पाहा. हजारो लोक चढतात त्या पायऱ्यांवरून, कोणाला त्या तशा दिसल्या नाहीत. प्रत्येक पायरीच्या मधोमध पावलांनी पडलेली खोलगट वाट आहे, आणि तुझ्या फोटोत संध्याकाळचं तिरपं ऊन त्या प्रत्येक खळग्यात बरोबर अर्धं भरलेलं आहे. पानमळ्यातला फोटो पाहा. वर गवताचं छप्पर, त्यातून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी वेलींवर पडलेलं, जसा काही मोठा ताणा पसरला आहे. हे तू मुद्दाम केलंस का दादा? विचारायचं राहिलं.

मारोतीचा फोटो मात्र मी विसरू शकत नाही. तलावाच्या काठचा तो शेंदूर फासलेला मारोती तू सकाळच्या मऊ उन्हात काढलास, आणि प्रत नेऊन पुजारीबुवांना दाखवलीस. बुवांनी ती लांब धरली, जवळ धरली, उलटी केली.

"हा कोण?"

"तुमचा मारोती, बुवा."

"आमचा मारोती लाल आहे. हा तर शनी दिसून राहिला! काळा ठिक्कर! तू देवाले काय केलं गा?"

पाच-दहा जण जमले. एक बाई म्हणाली, "अव माय वं, मारोती कोपला!" तू घाबरलास. मी पुढे झालो आणि त्यांना समजावून सांगितलं की या काचेच्या प्लेटीला लाल रंग दिसतच नाही, तिच्या लेखी लाल म्हणजे अंधार. बुवा म्हणाले, "म्हणजे तुह्या भावाचा कॅमेरा आंधळा आहे, असं म्हण ना सरळ."

गाडीत मी तुला तेच पुन्हा, अजून लांबवून सांगितलं. लाल, पिवळा, निळा, सगळं. तू खिडकीतून बाहेर पाहत होतास. शेवटी म्हणालास, "म्हणजे लाल दिसत नाही. पण चमक तर दिसते ना?" मी म्हणालो, चमक दिसते. पुढच्या शनिवारी तू सुट्टी काढून गेलास. शनिवारी लोक मारोतीला तेल वाहतात. संध्याकाळी तेल अंगभर उतरलं, ऊन बाजूनं आलं, आणि नाक, डोळे, गदा, शेपटी, सगळ्यांच्या कडा चमकल्या. फोटोत मारोती काळाच आहे. पण आता तो मारोती आहे. बुवांनी तो फोटो आपल्या घरात लावला. माझं शास्त्र बरोबर होतं, फोटो मात्र तू काढलास.

आता बावडीचं सांगतो. मला सांगायचं आहे ते हेच, बाकी सगळं मी उगाच लांबवत होतो.

बारावी जागा म्हणजे गडाच्या मागच्या झाडीतली ती जुनी बावडी. तोंड अरुंद, खोली खूप, एका बाजूनं पायऱ्या उतरत गेलेल्या. खाली, पाण्याच्या पलीकडच्या भिंतीत एक कोनाडा आहे आणि त्यात काहीतरी कोरलेलं आहे. वर दगडी छज्जा पुढे आलेला, त्यामुळे कोनाड्यात ऊन कधीच जात नाही. मध्ये पाणी, म्हणून जवळ जाता येत नाही. कंदील घेऊन खाली उतरलं तरी उजेड पलीकडे पोचेपर्यंत विरून जातो. गावात कोणी म्हणे जलदेवी, बाया पायरीवरूनच हळद-कुंकू टाकत. पुजारीबुवा म्हणत नाग. मी म्हणालो होतो गणपती, बसलेल्या आकारावरून. तू म्हणालास, "कोणीतरी बसलं आहे. कोण ते त्याले विचारावं लागन."

तीन वर्षं तू त्या बावडीला सगळ्या महिन्यांत जाऊन आलास. वहीत तिच्या पानावर ओळीनं एकच शब्द आहे: अंधार, अंधार, अंधार.

मग मी माझी अक्कल लावली. तू वरून दोरा सोडलास, मी गाठी मोजल्या, तोंडाची रुंदी मोजली, आणि घरी बसून गणित केलं. आपल्याकडे वर्षातून थोडेच दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि त्यातले पहिले नवतप्यात, मृगाच्या आधीच्या त्या नऊ तापत्या दिवसांत. त्या दिवसांत भर मध्यान्ही ऊन सरळ पाण्यावर पडेल, आणि पाण्यावरून उलटून छज्ज्याखाली, कोनाड्यात जाईल. पाणीही तेव्हा आटलेलं, कोनाडा पुरता उघडा. मी तुला कागद दाखवला.

तू कागदाकडे पाहिलंच नाहीस. "नवतप्यात? दुपारी? फणी धरली तर दात कापून काढन ते ऊन."

"ऊन तिथं सरळ नाही येत दादा, पाण्यावरून येते."

"मेलेलंच येईन पण."

वाद आठवडाभर चालला. मी म्हणायचो, कोण बसलं आहे ते तर कळेल; तू म्हणायचास, सावलीच नाही तर फोटो कशाचा? वहिनी शेवटी म्हणाली, "दोघंही जाऊन या एकदाचे. घरात बसून उन्हापायी भांडून राहिले!"

मागच्या वर्षीच्या नवतप्यात आपण गेलो. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदे, डोक्याला ओले दुपट्टे. त्या उष्म्यात प्लेटी खराब होतील म्हणून एकच प्लेट नेली, ओल्या गोणपाटात गुंडाळून. माझं घड्याळ मी सकाळी स्टेशनच्या घड्याळाशी लावलं होतं. माझा हिशोब, माझं घड्याळ, म्हणून भिंगावरचं झाकण काढायचं तेही मीच, असं ठरलं.

बारा वाजले. ऊन भिंतीवर होतं, पाण्याच्या वर हातभर थांबलेलं.

तू म्हणालास, "थांब गा जरासा. उतरून राहिलं अजून."

"उतरायचं तेवढं उतरलं. बारानंतर ते दुसऱ्या भिंतीवर चढते."

"मग तुह्या हिशोबात काही चुकलं असन."

चुकलं! हा शब्द मला लागला. मी झाकण काढलं आणि ती एकुलती एक प्लेट अंधारावर खर्च केली. पायऱ्या चढताना तू एवढंच म्हणालास, "मी म्हणलं होतं थांब."

आणि मी म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं? चौथी शिकलेला तू."

दादा, हे वाक्य मी शब्दाला शब्द लिहिलं आहे. सौम्य केलेलं नाही.

फणी धोतराच्या सोग्यानं पुसलीस, जणू काही तिच्यावर धूळ बसली होती. आपण वरच्या पायरीवर पोचलो आणि मागून, खालून, उजेड आला. बावडीच्या भिंती आतून उजळल्या. तू वळलास आणि तुझ्या वयाच्या माणसानं धावू नये तसा पायऱ्यांवरून खाली धावलास. "अरे बाप्पा!" असा तुझा आवाज आला. मग हाक, "वासू! लवकर ये गा!" आणि पुन्हा एकदा, "वासू!"

मी गेलो नाही. वर उन्हात उभा राहिलो.

तू वर आलास, आधी माझ्या घड्याळात पाहिलंस, आणि तुझा चेहरा असा होता की मला विचारावंसं वाटलं. पण विचारलं असतं तर मी चुकलो हे कबूल करावं लागलं असतं. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. गाडीत तू खिशातला कांदा फोडलास आणि अर्धा माझ्या हातावर ठेवलास.

मला माझी चूक चार दिवसांनी कळली. स्टेशनचं घड्याळ सगळ्या देशाचं एकच असतं. सूर्याला ते ठाऊक नाही. आपल्याकडचा मध्यान्ह त्या घड्याळानं बारा वाजून दहाएक मिनिटांनी होतो. हे मी शाळेत पोरांना रेखांशाच्या धड्यात शिकवतो. मीच, फळ्यावर पृथ्वी काढून शिकवतो. आणि बावडीत विसरलो, कारण हातात घड्याळ होतं. कळल्यावर तुला सांगायचं होतं. दिवाळीला सांगू म्हटलं, मग संक्रांतीला. आपण दोघं सगळ्या गोष्टी बोललो त्या वर्षभरात. बावडी सोडून.

फाल्गुनात ताप चढला तेव्हा तू एकदा डोळे उघडून मला विचारलंस, "यंदा नवतपा कधी लागते गा?" मला वाटलं तापात बडबडतो आहेस. मी म्हणालो, "आता काहून विचारून राहिला? आधी बरा हो." तू डोळे मिटलेस. पंचांग माझ्या उशाशी होतं दादा. हात लांब केला असता तर उत्तर देता आलं असतं.

तेराव्यानंतर वहिनीनं तुझी वही माझ्यापुढे ठेवली. "भाऊजी, मले वाचता येत नाही. पण शेवटच्या दिवसांत ही उशीखाली होती. काय लिहिलं ते सांगा." मी पानं उलटत बावडीवर आलो. अंधार, अंधार, अंधार, आणि त्याखाली मागच्या नवतप्याची नोंद, तुझ्या त्या ठळक, शाळेतल्या अक्षरात:

"ऊन पाण्याले लागलं. स्टेशनच्या घड्याळानं बारा वाजून दहा. (घड्याळ सूर्याच्या पुढं आहे. वासूले कळलं असन.) फणी धरली, सावली थरथरते, कडक बी नाही, मऊ बी नाही. अशी आजवर पाहिली नाही. दुपार मेली नाही. पुढच्या नवतप्यात दोन प्लेटी नेणे. वासू पाहिजे. कोनाड्यात दिसलं ते त्याले दाखवणे. सांगणे नाही."

म्हणजे तुला ठाऊक होतं. घड्याळाचंही, आणि मला कळल्याचंही. वर्षभर ठाऊक होतं आणि तू एकदाही टोमणा मारला नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर रोज मारला असता.

वहिनी म्हणाली, "मग जाणार ना?"

"जातो."

"मी येतो सोबत," ती म्हणाली.

शेजारची काकू दारातच होती. "अशी लवकर घराबाहेर? तेही रामटेकाले? लोक काय म्हणतीन वं?"

आपली माय बाजेवरून म्हणाली, "लोकाईले ऊन लागते, ते घरातच राहतीन. जाऊ दे तिले."

परवा गेलो. नवतप्याचा तिसरा दिवस. या वेळी प्लेटी दोन. वहिनीनं त्या ओल्या फडक्यात बांधून डोक्यावर टोपल्यात घेतल्या, वर कडुलिंबाचा पाला. मी कॅमेरा घेतला. बावडीत उतरलो, तिकाटणी पायरीवर बसवली, काळं कापड डोक्यावर घेतलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. तू मला शिकवलं होतंस की उलटंच पाहायची सवय कर, सुलटं करायला जाऊ नको. मला ती सवय कधी लागली नाही.

बारा वाजले. ऊन भिंतीवर, हातभर वर. मी हात मागे घेतले आणि थांबलो.

दहा मिनिटं ही इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

मग ऊन पाण्याला टेकलं. सगळं पाणी एकदम पेटल्यासारखं झालं आणि उजेड खालून वर चढला, छज्ज्याच्या पोटाला लागला, भिंतीवर नाचायला लागला. मी कापडाखाली होतो. काचेवर उलटा कोणीतरी बसलेला दिसत होता, पण कोण ते मला उमगेना.

"अव माय!" वहिनी म्हणाली. "भाऊजी, हा देव नोहे."

"मग कोण?"

"हातात छिन्नी हाय त्याच्या. दुसऱ्यात हातोडा. हा तर काम करून राहिला!"

मी कापड फेकून पाहिलं. एक पाय दुमडून बसलेला माणूस. डोक्याला मुंडासं. मांडीवर दगड, हातात छिन्नी. मान वर केलेली, जिथून ऊन येतं तिकडे. ज्यानं बावडी खोदली त्यानं शेवटी स्वतःला तिथे बसवलं होतं, आणि अशा जागी, की वर्षातून मोजके दिवस, मोजकी मिनिटं, खाली उतरून उभ्या राहणाऱ्यालाच तो दिसावा. त्याला गणित येत होतं दादा. तोही कुठे शाळेत गेला नसेल.

तू दोन हाका मारल्यास त्या याच्यासाठी.

"फोटो काढा ना!" वहिनी ओरडली. "पाहून काय राहिले?"

मी फणी काढून फडक्यावर धरली. सावली थरथरत होती, दात दिसत होते, मोजता येत नव्हते. पहिली प्लेट मी घड्याळावर काढली, माझ्या हिशोबानं, वीस सेकंद. दुसरी लावली तेव्हा वहिनी म्हणाली, "असं नाही. हे असं नव्हते मोजत." आणि ती मोजायला लागली, तोंडानं, धोट्याच्या ठेक्यावर, बाबांचा माग चालायचा तसं, जसा तू काळ्या कापडाखाली मोजायचास. खट, खट, खट. वीस झाले, तीस झाले. माझा हात झाकणाकडे गेला. तिनं मान हलवली. उजेड हालत होता आणि तिचा ठेका हालत नव्हता. साठावर ती म्हणाली, "बस. भरलं."

प्लेटी काल पहाटे धुतल्या. तुझ्याच पद्धतीनं, दोन माठांत थंड केलेल्या पाण्यात, नंतर तुरटीच्या पाण्यात, की उन्हाळ्यात काचेवरची चित्राची साय सुटू नये. माझी वीस सेकंदांची प्लेट फिकट आली. माणूस आहे की डाग, सांगता येत नाही. वहिनीच्या प्लेटीवर तो हातोड्यासकट बसलेला आहे. नाचणारा उजेड साठ ठेक्यांत त्याच्या अंगभर सारखा पसरला आहे, मुंडाशाचे पेच दिसतात, छिन्नीची धार दिसते. पुजारीबुवांना प्रत पाठवणार आहे. ते काय म्हणतील याची मला फार उत्सुकता आहे.

बावडीत मी चुकलो होतो दादा. घड्याळ लावताना चुकलो, ते सोड. चौथीचं जे बोललो ते चुकलो, आणि हाकेला आलो नाही ते चुकलो. बी.एस्सी. मी झालो खरा, पण माझं नाव शाळेत घालताना कोणाचं काढलं होतं हे मला त्या पायरीवर आठवायला हवं होतं.

रामटेकच्या बारा जागांचे बारा फोटो आज पूर्ण झाले. बाराव्याच्या पाठीवर मी लिहिलं आहे: नवतपा, तिसरा दिवस. स्टेशनच्या घड्याळानं बारा वाजून दहा मिनिटं, सूर्याच्या घड्याळानं बरोबर बारा. खाली तुझं नाव आहे.